हरवलेला पाटा

"पश्चिमेकडनं उतरू नका," प्रभाकर म्हणाला. "तिकडं जालं अडकलंय. पाय गुंतंल."

रूपाने झटकन मान वर केली. तळाला जाळं अडकलंय, हे याला कसं माहीत?

चारुदत्तने चौऱ्याण्णवच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खडकाचा आकार काढला होता. लांबट, बटाट्यासारखा. तो बंदराच्या कामावर पाण्याखाली वेल्डिंग करायचा आणि पनवेलला या भाड्याच्या खोलीत राहायचा. हवेचे दोन सिलिंडर दारामागे उभे होते. रूपा तीन दिवस त्याच्या पायरीवर बसून राहिली, तेव्हा कुठे तो बगळ्या खडकापाशी उतरायला कबूल झाला. अट एकच. बुडालेल्या बोटीवर जो होता, त्याने समोर बसून जागा दाखवायची.

बोटीवर दोघंच होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पनवेलच्या खाडीतून गेले आणि उरणच्या पुढे बोट बगळ्या खडकावर आपटली. प्रभाकर पोहत परत आला. रूपाचा भाऊ अंकुश आला नाही. तो केबिनमध्ये अडकला, बोट खाली गेली, एवढंच प्रभाकरने सांगितलं. पोलिसांना एक फळीसुद्धा मिळाली नाही. आता पौष लागला होता. आई अजून दहावं करू देत नव्हती. "पोराला बगितल्याबगर कसलं दहावं?" म्हणायची. कोळीवाड्यात लोक वेगळंच कुजबुजायचे. बोट बुडलीच नाय, इंजिनासकट इकली. आणि अंकुश? तिथे सगळे गप्प व्हायचे.

रूपा गप्प बसणारी नव्हती. आठवीत मास्तर तिला खोटारडी म्हणाले, म्हणून तिने शाळाच सोडली होती. दसऱ्यापर्यंत ती प्रभाकरला दादा म्हणायची. आता त्याला नावानेही हाक मारत नव्हती. फक्त नजर ठेवून होती.

तिने बरंच बघितलं होतं. दर अष्टमीला, भांगाच्या दिवशी, जेव्हा पाण्याला ओढ नसते, तेव्हा हा एकटा होडी काढतो. जाळं नाही, गळ नाही. परत येतो तेव्हा टोपली कोरडी. डोळे लाल, तळहात कापलेले. एकदा तिने होडीत वाकून बघितलं. आत दोरी बांधलेला पाटा होता. वाटण वाटायचा, दगडी. त्याच आठवड्यात त्याची बायको नीता मासळीबाजारात ओरडत होती, "माजा पाटा कोनी नेला गो? मसाला काय कपालावर वाटू?" बायका हसल्या. रूपा हसली नाही. समुद्रात पाटा कशाला लागतो? एखादी गोष्ट वर येऊ नये, म्हणूनच ना?

"खोली किती?" चारुदत्तने विचारलं.

"सुकतीला चार वाव."

"म्हणजे ओहोटीला सात-आठ मीटर. फार नाही. वेळ कुठली धरायची?"

"परवा अष्टमी हाय. बाराला पुरी सुकती. अर्धा तास पानी उभं ऱ्हातं. ऊन डोक्यावर, तवाच काय तो तल दिसतो. नायतर सोताचा पंजा दिसत नाय."

"आणि गारठा?"

"वरती कलत नाय. दोन वावाखाली एकदम गार. हात बधिर व्हतो. धरलेलं सुटतं."

चारुदत्तची पेन्सिल जरा थांबली. मग त्याने लिहिलं, जाड सूट. त्याखाली, हवा पाऊण तास, पंधरा मिनिटं राखून.

रूपा प्रभाकरकडेच बघत होती. तो चारुदत्तच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. एकदासुद्धा डोळ्याला डोळा देत नव्हता. खोटं बोलणारी माणसं अशीच बसतात.

तिचं डोकं सटकलं. ती उठून त्याच्या पाठीमागे गेली.

"खाली गार लागतं, ह्ये तुला कोनी सांगितलं रं?"

प्रभाकर कागदावर बोट फिरवत राहिला.

"ए, तुला इचारते मी. पाटा बांधून काय बुडवलंस तिथं?"

त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

"बगा, बगा सायेब!" रूपा चारुदत्तवर ओरडली. "समोरून इचारलं का पटापट बोलतो. मागनं इचारलं का बहिरा व्हतो. नाटकं सगली!"

चारुदत्तने तिला हाताने थांबवलं. तो उठला आणि प्रभाकरच्या कानाशी चुटकी वाजवली. एकदा. मग दुसऱ्या कानाशी. प्रभाकरची पापणीही हलली नाही.

चारुदत्तने टॉर्च घेतला. प्रभाकरची हनुवटी धरून मान वळवली. कानात कापूस होता. पिवळा पडलेला. तो काढून त्याने आत उजेड टाकला. मग दुसऱ्या कानात.

"दोन्ही पडदे फाटलेत, आत पू साचलाय," तो रूपाला म्हणाला. "घाईत खाली गेलं की दाबाने फाटतात. भयंकर दुखतं. एकदा झालं की कोणी परत पाण्यात उतरत नाही."

मग तो प्रभाकरसमोर उकिडवा बसला आणि ओठ सावकाश हलवत बोलला.

"वजनाला पाटा धरून उतरता?"

प्रभाकरने मान हलवली.

"किती वेळा गेलात?"

प्रभाकरने मागे वळून रूपाकडे बघितलं. या वेळी तोंडाकडे नाही, सरळ डोळ्यांत. कापलेले दोन्ही तळहात तिच्यापुढे उघडे केले.

"केबिनच्या दाराला हात लागतो गो," तो म्हणाला. "कडीपरत दम पुरत नाय."