बाबांची तालीम

एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. सकाळी वकील यायचे होते आणि ताई पहाटेपासूनच उठून बसली होती.

वडिलांचा पुस्तकबांधणीचा धंदा. अर्धांगवायूनं वाचा गेली, उजवा हात तेवढा चालता राहिला. धडधाकट होते तेव्हा, "घर आणि खालचा कारखाना ताईचा," असं येताजाता म्हणायचे, पण कागदावर काही नव्हतं. धाकटा भाऊ वेगळंच म्हणत होता. "बाबांच्या माघारी विकून टाकू. तू माझ्याकडे ये की! मला काय तू जड आहेस?"

सोळाव्या वर्षापासून ताई त्या कारखान्यात छापील पानांचे फर्मे शिवत होती. तिला कुणाकडे जायचं नव्हतं.

वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'हो' असेल तर हात दाबायचा, नसेल तर सैल सोडायचा, तेवढ्यावर मृत्युपत्र होईल. मग ताईनं आठवडाभर बाबांची तालीम घेतली. चमच्यानं दूध भरवताना विचारायची, "बाबा, घर ताईला द्यायचं ना?" हात दाबला की चमचा तोंडात. "कारखानाही ताईलाच?" दाबला की दुसरा चमचा. नाही दाबला, तर चमचा तसाच धरून पुन्हा विचारायची.

"पोपट पढवतेस का गं?" शेजारच्या काकू म्हणाल्या. ताई हसली.

वकील आले, साक्षीला डॉक्टर घेऊन. "तुम्ही बाहेर थांबा, ताई. नियमच आहे तसा."

ती दाराला कान लावून उभी राहिली.

"घर मुलीला द्यायचं?"

"दाबला," डॉक्टरांचा आवाज.

"कारखाना?"

"दाबला."

ताईनं डोळे मिटले. गंगेत घोडं न्हालं.

"या बाबतीत कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली का?"

ताईनं कान दाराला आणखी घट्ट लावला. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "दाबला."

"पुन्हा विचारतो. जबरदस्ती केली?"

"दाबला हो."

वकील खाकरले. "बरं. हे घर मला द्यायचं का? मला, या वकिलाला?"

"दाबला. चांगला जोरात."

वकील पेनाला टोपण लावतच बाहेर आले. "ताई, यावर अंगठा घेता येणार नाही मला. जरा सुधारू देत, मग बघू."

ताई आत गेली. बाबा तिच्याकडेच बघत होते. तोंड किंचित उघडं, दुधाची वाट पाहत.

ते सुधारले नाहीत, त्याच थंडीत गेले. वकील पुढे न्यायाधीश झाले. काकू लेकीकडे राहायला गेल्या. घर आणि कारखाना विकला. भाऊ दिल्या शब्दाला जागला. ताईचा वाटा तिच्या नावावर बँकेत टाकला, तिला आपल्या घरी नेलं आणि वाकडा शब्द कधी बोलला नाही. जबरदस्तीच्या त्या प्रश्नाला बाबांनी सवयीनं हात दाबला, की... ताई तिथून पुढे विचार करायची नाही.

भावाच्या घरी ती बैठकीच्या खोलीत निजते. कुणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून पलंगाखाली सारते, केस विंचरते, आणि दाराजवळच्या खुर्चीवर, भेटायला आलेल्या माणसासारखी, बसून राहते.