न जाणारा वारसा

मिरजेच्या दवाखान्यात रेवतीला मुलगी झाली, तेव्हा डॉक्टर तांबोळींनी स्वतः पेढे वाटले. रेवतीला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. तिच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं गर्भाशय त्यांनी तिच्या पोटात बसवलं होतं, आणि त्यात हे बाळ वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाची सोनोग्राफी करून डॉक्टर खोलीत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"बाळ ठीक आहे ना?" रेवतीने विचारलं.

"तब्येत छान आहे. पण तिलाही गर्भाशय नाही."

रेवतीने बाळाला जवळ ओढलं.

"हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "असा दोष असलेल्या बाईला दिवसच जात नसत, मग तो तिच्या लेकीकडे जाणार कसा? ती वाट आम्ही उघडली. मोठी झाल्यावर तिलाही गर्भाशय वाढवून देऊ."

त्या गेल्यावर रेवतीने उशाशी बसलेल्या आईला विचारलं, "माझं कळलं तेव्हा मला लगेच का नाही सांगितलंस?"

"तोंडच उघडेना गं. वर्ष गेलं त्यात."

तेवढ्यात रेवतीचा नवरा अमोघ दुपटी घेऊन हसत आत आला. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

रेवतीने बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण शब्द फुटेना.

आईने बाळ तिच्या कुशीत नीट ठेवलं आणि पदर सावरला.

"अमोघराव, बसा," ती म्हणाली. "मी सांगते."