हाडातला आवाज

नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला बायका वाडीतल्या विहिरीकडे निघाल्या, तशी कॅथरिनमावशी खुर्चीवरून उठली. लाल लुगडं तिने सकाळपासून दोनदा सारखं केलं होतं. राजोडीत कुणाच्याही लग्नात या वेळचं पहिलं गाणं तिचं. ती ओळ उचलायची, मग बायका मागून धरायच्या. तिने घसा साफ केला.

तेवढ्यात माडाला बांधलेल्या कर्ण्यातून गाणं सुरू झालं.

बायका थबकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या, आणि कळशा कमरेवर घेऊन कर्ण्याच्या मागून गाऊ लागल्या. मावशी उभीच राहिली.

"कोन बाई ती?" शेजारी बसलेल्या बॅप्टिस्ट मास्तरांना तिने विचारलं. "आवाज केवढा चिरका. गानी मात्र आपलीच म्हनते."

मास्तरांनी गावातल्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं होतं. खोटं त्यांना पटकन सुचत नसे.

"तुमचाच आहे, कॅथरिनबाय. रिचर्डने टेप करून नेला होता ना."

रिचर्ड तिचा भाचा, नवरीचा बाप. ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात तो टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्या दिवसांत लग्नाचं गाणं तोंडातून काढू नये, म्हणून ती आधी नाहीच म्हणाली होती. तुझ्यानंतर ही गाणी कुणाला येणार, असं तो म्हणाला, तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि दुपारभर गायली. पुढे पापनिवेदनाला गेली तेव्हा फादरला तेही सांगितलं.

"हा माजा नाय," मावशी म्हणाली. "माजा मी रोज ऐकते."

मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. वर्गात सांगायचे तितक्याच सावकाश त्यांनी सांगितलं. दुसऱ्याचा आवाज आपल्याला हवेतून येतो, कानाच्या भोकातून पडद्यावर. आपला स्वतःचा दोन वाटांनी येतो. एक ही हवेची, आणि दुसरी आतली, कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात. हाडाच्या वाटेने जाडसर, भरदार आवाज येतो. टेपला फक्त हवेतला सापडतो.

मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हनजे लोक इतकी वर्सं हाच ऐकत होते?"

"हाच."

"आनि मी ऐकते तो?"

"तो तुमच्याशिवाय कुणीच ऐकलेला नाही."

ती परत खुर्चीत बसली. विहिरीकडे रहाटाचा आवाज झाला, बायका खिदळल्या. कर्णा एकही ओळ चुकत नव्हता, दमतही नव्हता.

आपण फार सांगितलं की काय, असं मास्तरांना वाटलं. मुलं हिरमुसली की ते लगेच काहीतरी करून दाखवायचे. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओठ मिटून गुणगुणले. असं केलं की बाहेरचं कमी होतं आणि हाडातलं वाढतं, करून बघा, म्हणाले.

मावशीने बोटं कानांत घातली. हळूहळू तिचे डोळे मिटले.

रिचर्ड मांडवातून लगबगीने चालला होता. तिला तशी बसलेली पाहून तो थांबला.

"मावशीला कर्ण्याचा त्रास होतोय," तो पोरांना म्हणाला. "आवाज कमी करू नका, विहिरीपर्यंत गेला पाहिजे. तिलाच मागच्या पडवीत नेऊन बसवा."

मास्तर काही बोलायला उठले, पण कर्ण्यापुढे त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही. दोघा पोरांनी मावशीला खुर्चीसकट उचललं. तिने डोळे उघडले नाहीत, बोटंही काढली नाहीत. नुसते ओठ हलत होते, कर्ण्याच्या एक ओळ पुढे.