रत्नाबाईची लिली

"हे काय लावलंय?" येसूबाईनं पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा खालीच राहिला.

ओट्याच्या कडेला एक फुटकं मडकं, एक गंजका तुपाचा डबा आणि एक करवंटी ओळीनं मांडली होती. तिन्हींतून हिरवेगार कोंब वर आले होते. टोपलीतले कांदे दमट हवेनं फुटले होते. ते फेकायला जीव होईना म्हणून मंजुळानं मातीत खोचले होते. पाहुणे यायच्या आत हे सगळं परसात हलवायचं, असं तिच्या आईनं, रत्नाबाईनं, ठरवलं होतं. पण दुपारी येणारी शिरगावची पाहुणी सकाळीच दारात उभी राहिली.

झालं. कांद्यांना कोंब फुटेस्तोवर ज्या घरातल्या बायका टोपलीत डोकावत नाहीत, त्या घरची मुलगी कोण करून घेणार? त्यात येसूबाई म्हणजे नावाजलेली बाई. बोयसरच्या बाजारात मासळी विकताना ओरडून ओरडून तिचा घसा कायमचा बसला होता. आता ती आपल्या जानूसाठी मुलगी बघत होती. बोलकी पाहिजे, बाजार सांभाळणारी पाहिजे, असं तिनं साऱ्या किनाऱ्यावर सांगून ठेवलं होतं.

आणि मंजुळा? तिला एकदाच बाजारात बसवलं होतं. वीजघराच्या कामावरचा एक माणूस आला, बोंबलांकडे बोट करून म्हणाला, "ताजा है?" मंजुळा म्हणाली, "कल का है." पोरीला हिंदीचा गंध नव्हता, पण तेवढं एक वाक्य मात्र बिनचूक आलं. त्यावरून आधीची दोन स्थळं परत गेली होती. म्हणून आज रत्नाबाईनं तिला दम भरला होता, "चहा दे नि गप उभी रहा. तोंड उघडलंस तर बघ."

"लिली हाय," रत्नाबाई म्हणाली.

हा शब्द आपल्या तोंडात आला कुठून, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, दादूनं, मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"लिली?"

"वीजघराच्या गोऱ्या सायबाच्या बंगल्यातली. मडमेनं दिली."

येसूबाई वाकली. एक पात तिनं दोन बोटांत धरून दाबली. "आतून पोकळ हाय गं."

"त्यांच्या मुलखात थंडी मरणाची. ऊन आत साठवाया पोकळ असते."

"वास कांद्यासारखा येतोय."

"कवळेपणी तसाच येतो. फूल आलं की जातो. मडमच सांगत व्हती."

"मडम तुला सांगत व्हती? कंच्या भाषेत?"

"हातानं," रत्नाबाई म्हणाली आणि दोन्ही हात हवेत फिरवून दाखवले.

दादूला ठसका लागला. तो जाळं तिथंच टाकून पाणी प्यायला आत गेला, तो गेलाच.

"नि फूल कसलं येतं?"

आता मात्र रत्नाबाईला राहवेना. साहेबाचा बंगला तिनं रस्त्यावरूनसुद्धा धड पाहिला नव्हता, पण ते फूल तिला लख्ख दिसायला लागलं. "सकाळी जांभळं, येसूबाय, नि सांजला पांढरंफेक. ताटलीएवढं! दारात एक उमललं की घरात दिवा नको. पालघरच्या डॉक्टरीणबाई मागाया आल्या व्हत्या, मी नाय म्हणाले. पण तुमी शिरगावसनं येवढ्या लांब आलात. तुमाला नाय म्हणवत नाय. घिऊन जावा ती करवंटीतली. हळू धरा हां, लाजरी असते."

बोलता बोलता तिनं करवंटी उचलून येसूबाईच्या हातात दिलीसुद्धा. येसूबाईनं ती पदराखाली घेतली. खरोखरच एखादं तान्हं पोर घ्यावं तशी घेतली.

तेवढ्यात मंजुळा चहाचे कप घेऊन बाहेर आली. खाली मान, डोक्यावर पदर. सांगितल्याप्रमाणे ओठ घट्ट मिटलेले.

येसूबाईनं कप घेतला, एक घोट घेतला आणि पदराखालची करवंटी तिच्यासमोर धरली. "पोरी, हे काय हाय गं?"

रत्नाबाईनं डोळे वटारले. भुवया उडवल्या. पायाच्या अंगठ्यानं मुलीची टाच दाबली.

मंजुळानं आईकडे पाहिलं. करवंटीकडे पाहिलं. पाहुणीकडे पाहिलं.

"कांदा," ती म्हणाली.

आत दादूच्या हातातला तांब्या खाली पडला, घरंगळत भिंतीला जाऊन थांबला. तिसरं स्थळही गेलं, रत्नाबाईनं मनात म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा जीव तोडून फुलवलेलं ते ताटलीएवढं फूल पोरीनं एका शब्दात खुडून टाकलं होतं.

येसूबाईनं चहा संपवला. सावकाश, बशीसकट. मग तिच्या बसक्या घशातून घरघर बाहेर पडायला लागली. ती हसतेय हे कळायला रत्नाबाईला जरा वेळच लागला.

"मला काय कांद्याची पात कळत नाय?" येसूबाई डोळे पुसत म्हणाली. "पोरगी पसंत हाय मला. घरात एक तरी खरं बोलणारी पायजे, न्हायतर किल्ल्या कुणाच्या हातात द्याच्या?"

"पण येसूबाय," रत्नाबाई चाचरली, "तुमाला तर बाजारात बसणारी पायजे व्हती."

"ती गावली की," येसूबाईनं तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं. "लगीन झालं की दुसऱ्या दिवशी पाटी घिऊन बोयसरला ये, विहीणबाई. माज्या बाजूची जागा तुजी."