ओळखीचा एक प्रोग्रॅमर

मटार सोलत असताना एका कंपनीचा फोन आला, तसे नाबर उभे राहून ऑफिसातल्या जुन्या आवाजात बोलू लागले.

"सर, तृप्ती घोलप तुमच्या टीममध्ये होत्या ना? त्यांना घ्यायचा विचार आहे. कशा आहेत?"

"डोळे झाकून घ्या. तिचा कोड मला कधी तपासावा लागला नाही."

नोकरकपातीच्या यादीत तिचं नाव त्यांनीच लिहिलं होतं. त्यापुढच्या यादीत त्यांचं स्वतःचं आलं.

"ऐका ना, आणखी कोणी हवंय? माझ्या ओळखीचा एक प्रोग्रॅमर आहे. सव्वीस वर्षांचा अनुभव. कॉन्ट्रॅक्टवरही येईल."

"एवढे सीनियर नकोत, सर. नवं शिकायला तयार नसतात."

"हा शिकेल."

"तुम्ही तरी घेतलं असतंत का, सर?"

नाबरांनी मुठीतले मटार हळूच ताटात सोडले.

"नसतं घेतलं," ते म्हणाले.