हळदीचा धवला

खरवईच्या मांडवात हळदीची वाटी भरून तयार होती, नवरदेव हरिचंद्र पाटावर बसला होता, आणि त्याच क्षणी त्याच्या बापाने, धर्मराजने, लग्नाचे धवले गाणाऱ्या कौसाबाईला पाटाशेजारच्या जागेवरून उठवले. तिथे शहरातल्या कॅम्पातून आणलेला बँड उभा राहणार होता.

"कारखान्यातलं सायेब येनार हान, आजे. तुजा रडका सूर नको," तो चारचौघांत म्हणाला. "आनि शबुद आयकतं कोन? लोकांना चाल पायजे. ती तं बँडवाल्यानं तुज्याकडूनच नेलीय."

हे खरे होते. आठ दिवसांपूर्वी बँडमास्तर तिच्या ओटीवर बसून चाल शिकून गेला होता. तो आपल्या साथीला येणार, अशा समजुतीने तिने ती जीव लावून शिकवली होती.

कौसाबाईने पानाची चंची उचलली आणि ती मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून बसली.

बँड वाजू लागला. क्लॅरिनेटने चाल अशी उचलली की म्हाताऱ्यांच्याही माना डोलल्या. वाटीकडे मात्र एकही हात गेला नाही. धवलारीण जिचे नाव गाईल तिनेच पुढे होऊन हळद लावावी, हा तिथला पिढ्यांचा रिवाज. आणि चालीत नावे नव्हती. बँडने ती तीनदा वाजवली. सुवासिनी एकमेकींकडे पाहत बसून राहिल्या. मांडवाच्या तोंडाशी साहेबांची मोटार येऊन थांबली.

धर्मराज खांबापाशी वाकला. "गा, आजे. चुकलू मी."

"गाईन. पन मधी कोनी तोंड घालाचं नाय."

"नाय घालनार."

ती बसल्या जागेवरूनच गाऊ लागली. पहिले नाव नवरदेवाच्या आईचे, बनूबाईचे यायचे. ते आले नाही. हळद हातावर घेऊन उभी राहिलेली बनूबाई गोंधळली, पण बसली नाही. आत्याचे नाव आले, मावशीचे आले, चुलत्यांच्या सुनांची आली. बांधावरून धर्मराजशी उभा दावा धरलेल्या राजाबाईचेही आले, आणि तीही उठून हळद लावून आली. हरिचंद्र पिवळाधमक झाला.

मग कौसाबाईने मिटवणीचा चरण गायला, भुईला हात लावून कपाळाला लावला आणि ती थांबली. मिटलेला धवला पुन्हा उघडत नाहीत, हे मांडवातल्या पोरीसोरींनाही ठाऊक होते.

"आजे, माजं नाव ऱ्हायलं गो," बनूबाई म्हणाली.

कौसाबाई सुपारी कातरत होती.

धर्मराजने शब्द दिला होता, तिच्यावर ओरडता येईना, म्हणून तो बँडवर ओरडला, "वाजवा रं! बगताय काय?"

चाल पुन्हा सुरू झाली. एक सूर कमी नाही, एक जास्त नाही.

"चाल तीच हाय," कौसाबाई बनूबाईला म्हणाली. "लाव की हलद."

बनूबाईने धर्मराजकडे पाहिले. तिच्या तळव्यावरची हळद कडांनी सुकू लागली होती.