पाणथळीवरचा पहारा

“सात नंबरला लस नाही,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं.”

राखणदाराने मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवले होते. तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर सातचा आकडा होता. पण डोळ्यांभोवतीच्या काळ्या कडेमुळे तो तिला काजळी म्हणत असे. कळप ज्या पशुरोग संस्थेचा होता, तिने मेंढा केव्हाच परत नेला होता, आणि उरलेल्या मेंढ्यांत ती एकटीच गाभण होती.

“आजूबाजूच्या झाडून सगळ्या कळपांना टोचलीत,” राखणदार म्हणाला. “हिनंच तुमचं काय घोडं मारलंय?”

डॉक्टर मानेतली शीर चाचपत होते. ती सापडून नळीत रक्त उतरू लागल्यावर त्यांनी मान वर केली.

“हा रोग डास आणतो. पण विषाणू आलाय का, हे डासाला विचारता येत नाही. मेंढीच्या रक्ताला विचारता येतं. लस टोचली की ते रक्त आधीच पढवलेलं असतं; मग त्याची साक्ष काय कामाची? म्हणून वेशीवर काही जनावरं बिनलशीची ठेवायची. पहारेकरी म्हणून. ती आजारी पडली की आतल्या हजारोंना सावध करता येतं.”

“म्हणजे पहारेकऱ्याला ढाल द्यायची नाही.”

“ढाल दिली की तो झोपतो.”

राखणदार हसला, पण जरा उशिराच.

“आणि गाभण असली तर?”

“तर फारच उत्तम. बाकीच्यांना नुसता ताप येतो, पुष्कळदा तोही कळत नाही. गाभण मेंढी गाभ टाकते. ती खूण चुकत नाही.” डॉक्टरांनी नळीला बूच लावले. “हिला खाऊपिऊ नीट घाला. आणि इथून हलवू नका. हललेल्या जनावराला डास कुठे चावला, ते मग कुणाला सांगता येणार?”

मेंढवाड्याला लागूनच राखणदाराची खोली होती. तीही संस्थेचीच. भाडे नव्हते, दूध आणि कडधान्य संस्थेच्या गाडीतून येई. पाणथळीचे पाणी या दिवसांत मागच्या पायरीपर्यंत चढले होते. खिडक्यांना जाळीसाठी लाकडी चौकटी ठोकलेल्या होत्या. जाळ्या मात्र नव्हत्या.

“जाळ्यांचं काय झालं, डॉक्टरसाहेब?” चहाचा कप पुढे करत राखणदाराच्या बायकोने विचारले.

“मागणी गेलीय, वहिनी. कचेरीतला कागद गोगलगायीच्या पाठीवर बसून निघतो.”

“गोगलगाय असती तर एव्हाना पोचली असती. ओल काय थोडी आहे इथं?”

डॉक्टर मनापासून हसले. उकाडा असूनही त्यांनी मनगटापर्यंतची बटणे लावली होती, आणि मानेला लावलेल्या मलमाचा उग्र वास खोलीत पसरला होता. चहा संपवून त्यांनी नव्या सुया काढल्या.

“चला. आता तुम्ही दोघं.”

ही तपासणी दर महिन्याला होई. राखणदाराला तिचा अभिमान होता. कारखान्यात खपणाऱ्या त्याच्या मेव्हण्याला बोट कापले तरी पट्टी मिळत नसे. इथे तर न मागता डॉक्टर घरी येत. त्याने बाही वर केली. त्याचे झाल्यावर बायको पुढे झाली. पण हात टेबलावर ठेवायच्या आधी तिने नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहू लागला.

“गोळ्या वगैरे देणार असाल तर बघून द्या,” ती म्हणाली. “मला तिसरा महिना लागलाय.”

डॉक्टरांचा हात थांबला.

“अरे वा,” ते म्हणाले. “आनंदाची बातमी.” त्यांना खरोखरच आनंद झालेला दिसला. “पुढच्या खेपेपासून तुमच्यासाठी दूध जास्त पाठवतो.”

“दूध नको. ती लस मिळाली तर बघा. माणसांचीही असते ना? तुम्ही घेतलीत, गाडीवाल्यानं घेतली. आमचे हे सांगत होते.”

“संस्थेत सगळ्यांनीच घेतलीय. तुमचीही यायची होती. पण आता अशा अवस्थेत टोचत नाहीत.”

“मग पाणी ओसरेपर्यंत आईकडे जाते. तिच्या घराला जाळ्या आहेत.”

“एवढ्या खडबडीत रस्त्यानं?” डॉक्टरांनी सुई अलगद आत सरकवली. “वहिनी, मुळीच हलू नका इथून. मी आहे ना. आता महिन्याची वाट बघत नाही, दर आठवड्याला येऊन जाईन.”

“ऐकलंस?” राखणदार बायकोला म्हणाला. “दर आठवड्याला. राणीचा थाट आहे तुझा.”

“राणीच्या महालात डास नसतात, अहो.”

तिने दुसऱ्या हाताने दंडावर एक चापट मारली. तळव्यावर रक्ताचा ठिपका उमटला. ते कुणाचे होते, हे सांगता येण्यासारखे नव्हते.

डॉक्टरांनी सगळ्या नळ्या ओळीने बर्फपेटीत लावल्या आणि निरोप घेतला. गाडीत बसताच त्यांनी काचा वर केल्या, एकही डास आत नसल्याची खात्री केली, आणि संस्थेच्या संचालिकांना फोन लावला.

“पाणी चढलंय,” ते म्हणाले. “पाणथळीच्या ठाण्यावर अजून कुणाला ताप नाही. सगळ्यांचे नमुने घेतलेत.”

“ताप दिसेपर्यंत आपल्याला उशीर झालेला असतो,” पलीकडून संचालिका म्हणाल्या. “मला पहिली खूण हवी आहे. तिथे गाभण किती आहेत?”

डॉक्टरांनी आरशात पाहिले. राखणदाराची बायको दारात उभी राहून निरोपाचा हात हलवत होती. त्यांनीही हात हलवला.

“आजपासून दोन.”